प्रागला गिरणी आहे का?

"भाऊजी! ओ भाऊजी! तठी गिरणी आहे का ते पाहा आधी! नाई तं अठूनच दळून नेऊ!"

माझा साळा फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसून ओरडत होता. मागच्या सीटवर, एरवी जिथं त्याची बायको बसते, तिथं ज्वारीचं पोतं दोरीनं आवळून बसवलेलं. त्याचा आवाज असा की तो आमच्या पिंपळगाव राजा गावात बोलला की खामगावच्या बाजारात भाव हलतात. अख्ख्या गल्लीनं माना वर केल्या, पण 'तठी' म्हणजे कुठं हे एकानंही विचारलं नाही. महिनाभर गावात दुसरा विषयच नव्हता. तठी म्हणजे प्राग. युरोपातलं.

आता ज्वारीचं पोतं प्रागच्या वाटेला कसं लागलं, ते सांगतो. यात मी तिखटमीठ लावलेलं नाही. लावलं असेल तर ठेच्यात लागतं तेवढंच.

सुरुवात बायकोनं केली. एके दुपारी ती मोबाइलवर काहीतरी पाहत बसली होती. जुन्या शहरातला चौक, लाल कौलांवर बर्फ, आणि एक म्हातारं घड्याळ. तास झाला की त्याच्या खिडकीतून बाहुल्या फिरतात. तिनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "अठी जाऊ आपण."

तीस वर्षांच्या संसारात 'अठी जाऊ' असं ती पहिल्यांदा म्हणाली होती. तोवर ती गेली ती लग्नाला, नाहीतर कोणाच्या तेरवीला. शेगावला दर्शनाला नेली, तर तिथंही पंगतीत वाढायला उभी राहिली.

आमची मुलगी जर्मनीत नोकरीला. तिला फोन लावला. ती म्हणाली, हिवाळ्यात या, चार दिवस प्राग पाहा, तुमच्या दोघांचे कागद आणि हॉटेल मी पाहते, सकाळचा नाश्ता हॉटेलातच असतो.

"म्हंजे करा लागते का?" बायकोनं विचारलं.

"नाही गं आई, ते देतात."

"आन् भांडे?"

"तेही तेच घासतात."

"म्हंजे चार दिवस म्या गॅस नाई पेटवायचा?"

"नाही."

तिनं फोन ठेवला आणि ओट्यावर जाऊन नुसती बसून राहिली. तिच्या तोंडावर जे तेज आलं होतं ते आमच्या लग्नातही नव्हतं. लग्नात तर ती रडतच होती, आणि मला जवळून पाहिल्यावर तिनं जास्त आवाज काढला, असं माझी सासू सांगायची.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मी चहाच्या टपरीवर गेलो.

आमच्याकडे एक रीत आहे. माणूस ओट्यावर जेवत असला आणि रस्त्यानं कोणी चाललं असलं, की जेवणाऱ्यानं म्हणायचं, "या जेवाले." चालणाऱ्यानं म्हणायचं, "होऊ द्या." तो येणार नाही हे याला ठाऊक, यानं मनापासून बोलावलं नाही हे त्याला ठाऊक, आणि दोघांचंही पोट भरतं. ही रीत इतकी पक्की, की एकदा मी जेवत असताना चोर भिंतीवरून अंगणात उतरला. माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "या जेवाले." तो बिचारा "होऊ द्या" म्हणाला आणि आल्या भिंतीनं परत गेला. पटत नसेल तर भिंत अजून उभी आहे, येऊन पाहा.

तर टपरीवर मी प्राग सांगितलं. म्हणजे आधी थंडी सांगितली. "तठच्या थंडीचं काय भेव दाखवता? बुलढाण्याच्या कचेरीत कामाला गेलो होतो, सकाळच्या पारी माझी मिशी अशी कडक झाली की न्हाव्यानं कैची ठेवली आन् आडकित्ता मागवला." मग घड्याळ सांगितलं, बाहुल्या सांगितल्या, राजाचा किल्ला सांगितला. सगळे माझ्याकडे पाहत चहा गार करत होते. एवढ्या लोकांपुढं एकट्यानं प्राग खाणं मला बरं दिसेना. मी म्हणालो, "चाला ना तुमीबी."

सगळे रीतीनं म्हणाले, "होऊ द्या."

साळा म्हणाला, "हाव."

टपरीवर अशी शांतता पसरली की दूध उतू गेलेलं ऐकू आलं.

"हाव म्हंजे?" मी विचारलं.

"हाव म्हंजे येतो. तुमी एवढं बोलावून राह्यले, नाई कसं म्हणू?"

बस, बांध फुटला. साळ्याला नेता तर सख्ख्या चुलत भावानं काय पाप केलं? चुलत भाऊ येतो तर शेजाऱ्यानं काय घरच राखायचं? आठ दिवसांत आम्ही अकरा झालो. ज्या माणसांनी आयुष्यात रेशनकार्डाशिवाय दुसरा कागद पाहिला नाही, ती पासपोर्टच्या फोटोसाठी दाढी करून फिरू लागली. कोणीतरी बसस्थानकावर फलकही लावला. त्यावर माझा हात जोडलेला फोटो, 'प्राग दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा', आणि मागं किल्ला. किल्ला दौलताबादचा होता. छापणाऱ्याकडे तोच होता. मी दिवसातून तीनदा त्या बाजूनं काहीतरी काम काढून जायचो, आणि फलकाकडे मुद्दाम पाहायचो नाही.

रोज सायंकाळी माझ्या ओट्यावर बैठक बसू लागली. चहा बायको करायची.

"चार दिवस एकच घड्याळ पाह्याचं का बे?" चुलत भावानं शंका काढली. "बाहुल्या एकदा फिरल्या की झालं ना."

"अन् जेवाचं काय? तठी तं सारं पाव न् पाव."

मग सगळे थांबले. ओट्यावरची सगळी मुंडकी एकदमच स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली.

"वहिनी आहेत ना!"

हे ठरलं तसं पुढचं भराभर ठरलं. हॉटेल नको, तिथं चूल पेटवू देत नाहीत. त्यापेक्षा स्वयंपाकघर असलेलं मोठं घर पाहायचं. साळ्यानं तर, तिकडं मंगल कार्यालय भाड्यानं मिळतं का ते भाचीला विचारा, असं सुचवलं, म्हणजे गाद्याही मिळतील. ठेचा कोण आणणार, शेंगदाण्याची चटणी कोण आणणार, हेही वाटून झालं. ज्वारी साळ्यानं अंगावर घेतली.

आणि मी? मी खुर्चीत बसून "होईल, होईल" म्हणत होतो. नाही म्हणायला जीभच वळेना. मी बोलावलं आणि मीच नको म्हटलं, तर फलकावरच्या फोटोला तोंड कसं दाखवायचं?

त्या रात्री ताटं काढताना बायकोनं एवढंच विचारलं, "त्या हाटेलातला नाश्ता आहे, का गेला?"

मी वरणात भाकरी कुस्करत राहिलो. खूप बारीक कुस्करली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे पोतं दारात आलं.

साळ्याचं ओरडणं ऐकून बायको पिठाचे हात पुसत बाहेर आली. तिच्या मागोमाग मी. अर्धी गल्ली फाटकाशी जमा होती.

"ताई, दळून आणू का तशीच नेऊ?"

"ठेव तठीसाच ओट्यावर," ती म्हणाली. "प्रागचं रद्द झालं."

"काऊन?"

"यायच्या गुडघ्यानं," तिनं माझ्याकडं बोट केलं. "डाक्टर म्हणला, थंडी सोसत नाई यायले. बुलढाण्यालेबी जाऊ नका म्हणला."

असा कोणताही डॉक्टर नव्हता. माझे गुडघे त्या दिवसापर्यंत घोड्याचे होते. पण तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा तिची नजर मला अर्थासकट कळली. मी दाराची चौकट धरली आणि कण्हलो. चांगलं कण्हलो. साळ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आन् मी लेकीकडं जाऊन येतो आठ दिवस," ती पुढं म्हणाली. "तिचा कवापासून फोन येऊन राह्यला."

इथं तिची हुशारी पाहा. प्रागला जाणाऱ्या माणसाला 'आम्हीही येतो' म्हणता येतं. लेकीकडे जाणाऱ्या मायला कोण म्हणेल? उलट शेजारणींनी डोळे पुसले आणि लेकीसाठी कुरडया आणून दिल्या. लेकीच्या घरून प्राग रेल्वेनं एका दिवसात गाठता येतं, हे फक्त आम्हा तिघांना ठाऊक होतं.

ती गेली. फलक उतरला. एका रात्रीत मी गावाचा युरोप-वीर होतो तो लंगडा झालो. टपरीवर जायचं तर काठी घेऊन जावं लागे. आडकित्त्याची गोष्ट माझ्यासमोरच लोक एकमेकांना सांगत, आणि मला चादर पांघरायला देत. आठ घरांनी आठ तेलं पाठवली. साळा तर सेवेलाच येऊन राहिला. रोज संध्याकाळी तो माझा गुडघा असा रगडायचा की तो खरोखर दुखू लागला.

जेवायला मात्र ती ज्वारीच होती. भाकरी मीच थापायचो. तव्यावर उलटायला जावं तर तिचे दोन तालुके व्हायचे.

एके दिवशी साळा शेतावर गेला होता. मी स्वयंपाकघराचं दार आतून लावलं, गुडघा सरळ केला आणि जेवायला बसलो. आमच्याकडे दुपार, तिकडे सकाळ. मोबाइल वाजला.

पडद्यावर ती. माझी लोकरीची टोपी तिच्या डोक्यावर. मागं हॉटेलची खिडकी, खिडकीपलीकडं पांढरी झालेली लाल कौलं. समोर मोठं ताट. कोण्या पोरानं येऊन तिच्या कपात चहा ओतला आणि वाकून गेला. ती त्याच्या पाठीकडं बघत राहिली.

"घड्याळ पाह्यलं का?" मी विचारलं.

"दोनदा."

"बर्फ?"

"आहे."

मला वाटलं, आता ती म्हणेल की घरची आठवण येते, ज्वारीची भाकरी आठवते. तिनं पावाला लोणी लावलं. मी माझ्या भाकरीचा त्यातल्या त्यात मोठा तुकडा उचलला, त्यावर ठेचा ठेवला, मोबाइलसमोर धरला आणि जरा जास्तच गोड आवाजात म्हणालो, "या जेवाले."

तिनं ताटातलं संपवलं, रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाली,

"होऊ द्या."