उम्म सलालच्या घरातली सिमेंटची खोली

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, गेल्यावर माझे सासरे, आमचे बाबा, नाशिकहून दोह्याला आले. "तिकडचा फ्लॅट विका आणि इथंच राहा," असं माझा नवरा निखिल त्यांना रोज सांगायचा. बाबा हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. निखिलच्या ऑफिसातल्या खालिदनं त्याचं जुनं घर बघायला बोलावलं, तेव्हा मी लगेच होकार कळवला. बाबा निवृत्त सिव्हिल इंजिनियर. त्या निमित्तानं तरी बाहेर पडतील.

शनिवारी सकाळी ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या घरून निघालो. वर्ल्ड कपच्या तयारीत शहर खणून ठेवलंय. कालचं वळण आज असेलच असं नाही, तेव्हा हाताशी जास्तीचा वेळ ठेवा. वाटेत करक, म्हणजे इथला दाट दुधाचा कडक चहा, आणि पराठा गाडीतच आणून देतात. खालिदच्या गावातले, उम्म सलाल मोहम्मदचे, बरझान हे जुने टेहळणीचे मनोरे आधी पाहिले. तिकीट नाही, पण सावलीही नाही, टोपी घ्याच.

खालिदचं घर पिढ्यापिढ्यांनी वाढवलेलं. सगळ्यात जुनी खोली दगडमातीची, भिंती हातभर जाड, छताला खारफुटीचे वासे आणि वर खजुरीच्या चटया. पुढच्या कुणीतरी वाऱ्यासाठी माडी चढवली. तेलाचे दिवस आल्यावर सिमेंटचे खांब आले. आणि अंगणाच्या कोपऱ्यात एक बुटकी, बेढब खोली. दाराशी उतार, भिंतीला लोखंडी कठडा.

"हे सिमेंट काढलं की घर खरं जुनं दिसेल," खालिद म्हणाला. "वर्ल्ड कपला येणाऱ्यांना तेच आवडेल."

त्याचे वडील शेजारी उभे होते. इथल्या जुन्या लोकांना मोडकंतोडकं हिंदी येतं. बाबांनी त्यांनाच विचारलं, "ये किसने बनाया?"

"मैंने. उम्म खालिद के वास्ते." उम्म खालिद म्हणजे खालिदची आई. "पैर खराब था. सीढ़ी नहीं होता था."

बाबा कठड्यावरून हात फिरवत राहिले. "मैंने भी लगाया था. नाशिक में, बाथरूम तक."

"वो गई, फिर निकाला?"

"नहीं. हाथ अपने आप जाता है उधर."

म्हाताऱ्यानं बाबांचा हात धरला. खालिदनं कठड्याला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "खलास, ठरलं. ही खोली राहील."

परतताना गाडीत बाबा म्हणाले, "निखिल, फ्लॅट विकायचा नाही. दिवाळीनंतर मी जाईन."

निखिलचा चेहरा उतरला. "इथं काही कमी पडलं का, बाबा?"

"नाही रे. पण इथल्या कुठल्याच भिंतीला तिचा हात लागलेला नाही."

मला वाटलं, दिवस फुकट गेला.

संध्याकाळी पिठलं-भाकरी केली. पानावर बसल्यावर बाबा आपणहून म्हणाले, "तो कठडा लावला ना, तेव्हा ती आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती. माझी नवी टाइल फोडलीस म्हणाली."

निखिल हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. आई गेल्यापासून तिचं नाव आमच्या घरात कुणी काढलं नव्हतं. फोटो पुष्कळ काढलेत, खाली टाकते आहे. मला मात्र त्या घराचं आठवतं ते एवढंच, की तिथून आल्यावर आम्ही तिघं जेवण होऊनही उठलो नाही, हात वाळेपर्यंत आईबद्दल बोलत बसलो.