धावदोऱ्याला गाठ

दिग्रसच्या नुजहतला धावायला कोणी लावलं, असं विचारणारे आता बरेच भेटतात. कोणी तिच्या नवऱ्याला श्रेय देतं, कोणी महिला मेळावा भरवणाऱ्या बायांना. खरं श्रेय रिक्षावर बांधलेल्या एका फुटक्या भोंग्याचं आहे. मी छातीठोकपणे सांगते, कारण त्या दिवशी भर उन्हात तिच्यासोबत मैदानावर मी उभी होते आणि माझं डोकं ठणकत होतं.

नुजहत आमची शेजारीण. माहेर राळेगावचं, लग्न होऊन आमच्या गल्लीत पिंजाऱ्यांच्या घरात आली. नवरा हबीब कापूस पिंजतो आणि गाद्या भरतो. जन्म यंत्राच्या घरघरीत गेल्यानं त्याला निम्मंच ऐकू येतं आणि तो बायकोच्या प्रत्येक बोलण्याला मान डोलावतो. असा नवरा मिळाला असता तर मीही आयुष्यात काही तरी करून दाखवलं असतं. आमचे नीळकंठराव तहसील कचेरीत आहेत आणि त्यांना सगळं ऐकू येतं.

त्या घरात राज्य मात्र सासूचं, रौशनचाचीचं. आणि काम नुजहतचं. सकाळी पोळ्या, मुलगी कशफची वेणी आणि शाळेचा डबा, मग दिवसभर अंगणात रजई पसरून टाके घालत बसायचं. कशफ शाळेतून आली की रजईच्या एका कडेला पोट टेकून अभ्यास करायची आणि आई सरकेल तशी तीही सरकायची.

दोन हजार चार-पाचचा तो सुमार. कापसाचे दिवस फार वाईट होते. भाव पडलेले, जिनिंगमधल्या पाळ्या कमी झालेल्या, बाजारात माणसं नेहमीच्या मोठ्या आवाजात बोलेनाशी झालेली. नव्या गाद्या कोणी भरेना, जुन्याच उसवून कापूस पुन्हा पिंजून घ्यायचे. पण लेकीला सासरी पाठवताना एक रजई तरी लागतेच, आणि ती नुजहतच्या हातची असावी असं पुसद रस्त्यावरच्या गावागावांतल्या बायांना वाटायचं. ती रजईच्या कडेनं टाके घालायला सुरुवात करायची आणि फेऱ्या घेत घेत मधे यायची. पहिल्या फेऱ्यांत दोरा जोरानं ओढला की सगळा कापूस मधे गोळा होतो आणि रजईला पोट सुटतं. तिच्या हाताची ओढ पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत एकच असायची.

आता भोंग्याकडे येते. कापसाचं काहीही होवो, त्या काळात आमच्याकडं मेळाव्यांचं पीक जोरात होतं. आम्हा बायकांना धीर द्यायला कुठून कुठून मंडळी यायची, भाषणं द्यायची आणि चहा पिऊन जायची. अशाच एका मेळाव्याची रिक्षा गल्लीतून गेली. भोंगा म्हणत होता, महिलांसाठी धावदौड, पहिलं बक्षीस शिलाई मशीन. नुजहतनं ऐकलं, धावदोरा. शिवणक्लासात पहिल्या दिवशी शिकवतात तो साधा वर-खाली जाणारा टाका. बक्षीस शिलाई मशीनचं म्हटल्यावर शंकेला जागाच नव्हती. मलाही शंका आली नाही. तिला धावदोऱ्यात हरवणारी बाई उभ्या तालुक्यात नाही, असं मीच तिला सांगितलं आणि सोबत निघाले.

अर्धी शिवलेली रजई गाठोड्यात बांधून तिनं डोक्यावर घेतली. मैदानावर चुन्याची रेघ मारली होती आणि रेघेवर बाया पदर खोचून उभ्या होत्या. नुजहतही जाऊन उभी राहिली. शिट्टी वाजली, बाया सुटल्या. क्षणभर ही बावरून बघत राहिली. मग तिच्या मनानं घेतलं, की शिवायच्या जागा पलीकडं असणार आणि आधी पोचेल तिला सावलीतली जागा मिळणार. डोक्यावरच्या रजईसकट तिनं धूम ठोकली. मैदानाला एक फेरी झाली, दुसरी झाली, ही धावता धावता प्रत्येकीला विचारतेय की बसाचं कुठं. तिसऱ्या फेरीत निम्म्या बाया दमून खाली बसल्या. नुजहत तिसरी आली. मशीन नाही मिळालं, स्टीलचा एक डबा मिळाला. तो हातात घेऊन ती मला म्हणाली की भाभी, आता तरी शिवाले बसवतात का.

गल्ली महिनाभर हसली. रौशनचाचीनं डबा साखरेला घेतला आणि विषय संपवला. पण नुजहतचा काही संपला नाही. थोड्या दिवसांनी मी तिला विचारलं, की अशी गप्प गप्प काहून राहतेस. तेव्हा ती म्हणाली, "भाभी, घरात मले सगळे हाका मारतात. त्या दिवशी धावून राह्यली होती, तवा कोणीच हाक मारली नाई. मले लई बरं वाटलं." मला वाईट वाटलं नाही, हेवा वाटला.

मग तिनं मोठी चलाखी केली. तयार रजई गावात पोचवायला ती यष्टीनं जायची आणि रिकाम्या हातानं परत धावत यायची. हबीबनं बाजारातून कापडी बूट आणून दिले. कशासाठी ते त्याला नीट ऐकू आलं नसावं, पण बूट बरोबर मापाचे आणले. रस्त्यावर कोणी नसलं की ओढणी कमरेला बांधायची, गाव जवळ आलं की पुन्हा डोक्यावर घ्यायची, बूट पिशवीत टाकायचे आणि घामाघूम चेहऱ्यानं घरी येऊन सांगायचं, की बस हुकली. एवढ्या बसा हुकणारी बाई महामंडळानं पाहिली नसेल.

एके दिवशी अशीच आली आणि म्हणाली, बस हुकली. रौशनचाची तेव्हाच पुसदहून आलेली, अजून चप्पलही काढली नव्हती. घरात त्यांची बोली निराळी, पण मी समोर असले की चाची ठसक्यात वऱ्हाडी बोलते. ती म्हणाली, "मी त्याच यष्टीत होती. खिडकीतून पाह्यलं तुले."

मी जायला उठले, पण माझा पाय निघेना. चाची म्हणाली, "धाव. मी अडवत नाई. पण माह्या घरची रजई ज्या दिवशी उशिरा गेली, त्या दिवशी तुहे बूट चुलीत."

उशिरा म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्या घराच्या दोन रीती होत्या. एक, सुया टोचायच्या गादीतली एक जरी सुई कमी असली तर सगळा कापूस चाचपून पाहिल्याशिवाय रजई उंबरा ओलांडत नाही. दुसरी, नवरीच्या रजईचा एक कोपरा उघडा ठेवायचा आणि शेवटचा टाका नवरीच्या घरी घालायचा, जिनं रजई शिवली तिच्याच हातानं, नवरीला हळद लागायच्या आधी. हळदीनंतर घातलेला टाका चाचीच्या लेखी टाकाच नाही.

पुढच्या वर्षी मेळाव्यानं मैदान सोडून रस्ता धरला. दिग्रसच्या बसस्टँडपासून निघायचं, पुसद रस्त्यानं एका गावच्या फाट्यापर्यंत जायचं आणि वळून परत. योगायोग असा, की ते गाव माझ्या नणंदेचं, मथुराबाईचं, आणि त्याच सकाळी तिच्या लेकीची, गौरीची, हळद. रजई अर्थात नुजहतकडे होती. तिनं बेत आखला. पहाटेच्या पहिल्या यष्टीनं माझ्यासोबत यायचं, टाका घालायचा, परतीच्या यष्टीनं दिग्रस गाठायचं आणि शर्यतीला उभं राहायचं. आदल्या दिवशी कापडी नंबर मिळाला होता, तो तिनं कमीजच्या पाठीवर शिवलाही होता. पहाटे अंगात तोच कमीज, वर ओढणी.

मी तिला हाक मारायला गेले तर अंगणात रजई उलटी पसरलेली. एक सुई सापडत नव्हती. रजईची सुई बोटाएवढी लांब असते, नवरीच्या अंगात शिरली तर काय होईल, हे कोणाला सांगायला नको. चाचीनं एक बाजू उसवायला लावली. ती, हबीब, कशफ, सगळे तळहातानं कापूस चाचपत होते. मीही चाचपला. नुजहतचा चेहरा पडलेला, पण हात थांबले नव्हते. मला नवरीची मामी म्हणून वेळेत पोचणं भाग होतं, म्हणून मी नाइलाजानं एकटीच यष्टीत बसले. खिडकीपाशी बसून मी त्या सुईला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

हळद कुटून तयार झाली. गौरी पाटावर बसली. मथुराबाईनं दोनदा विचारलं, की रजईवाली कुठं राहिली. मी म्हटलं, येते. बाया कुरकुरायला लागल्या, एक म्हातारी म्हणाली की एका रजईपायी मुहूर्त घालवता का. मी तिला काय बोलले ते इथं लिहीत नाही. तेवढ्यात फाट्याकडून पोरांचा गलका ऐकू आला. मांडवाबाहेर येऊन बघते तर रस्त्यावरून बाया धावत येताहेत, आणि त्यांत पहिल्या दोघींच्या मागं नुजहत, डोक्यावर लाल रजईचं गाठोडं. सगळा कापूस चाचपून, उसवलेली बाजू पुन्हा शिवून चाचीनं रजई सोडेपर्यंत शर्यतीचीच वेळ झाली होती. मग तिनं दोन्ही कामं एकाच वाटेनं काढली.

फाट्यावर वळायचं सोडून ती सरळ मांडवात शिरली, रजई गौरीसमोर उलगडली, कोपरा हातात घेतला आणि तशीच थिजली. सुयांची गादी घाईत घरी राहिली होती. लग्नघर म्हणजे सगळं असतं आणि हवं ते सापडत नाही. मथुराबाई एका पेटीत शोधते, मी दुसरीत, बाहेर रस्त्यावरून एकेक बाई वळून परत चाललेली. नुजहतच्या डोळ्यांत पाणी आलं. शर्यतीसाठी नव्हे, ते मला ठाऊक होतं. बूट चुलीत जाणार होते.

तेव्हा पाटावरून गौरी नुजहतला म्हणाली, "तुमच्या पाठीवर काय लोंबून राह्यलं?"

मी जाऊन पाहिलं. पाठीवरच्या नंबराखाली दोरा लोंबत होता आणि दोऱ्याच्या टोकाला सुई. नंबर शिवता शिवता पोरीनं हाक मारली असेल, नाही तर दूध उतू गेलं असेल, बाई सुई तशीच सोडून उठली होती. सगळ्या घरानं कापूस पिंजला आणि सुई तिच्याच पाठीवर, ओढणीखाली बसलेली. नंतर कळलं, वाटेत लोक तिला ओरडून काही सांगत होते, ते हेच. तिला वाटलं, रजईला हसताहेत.

मी सुई धरून ओढली. नंबराला तिनं धावदोराच घातला होता, आणि गाठ मारलेली नव्हती. धावदोऱ्याचा गुणच असा, की एक टोक ओढलं की सगळा सरसर निघून येतो. आख्खा दोरा माझ्या हातात आला आणि नंबर जमिनीवर पडला. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. त्याच सुईनं, त्याच दोऱ्यानं कोपरा शिवला, दातानं दोरा तोडला, सुई माझ्या पदरात टोचली, गौरीच्या गालावरून हात फिरवला आणि निघाली. मांडवातल्या सगळ्या बाया, ती कुरकुरणारी म्हातारीसुद्धा, बाहेर येऊन तिला बघत होत्या. ती दूर जाईपर्यंत गौरीला हळद लावायचं कोणाला सुचलं नाही. मातीत पडलेल्या नंबराकडं माझं लक्ष नंतर गेलं, तो उचलून मी पिशवीत टाकला.

रिकाम्या हातानं परतीचा रस्ता धावायची तिला वर्षभराची सवय. सुरुवातीला जोर लावलेल्या बाया वाटेत पोट धरून उभ्या होत्या, ही एकाच ओढीनं त्यांच्या शेजारून निघाली. दुसरी आली. पण पाठीवर नंबर नाही, म्हणून शर्यतीच्या मंडपातल्या बाईंनी तिला गणतीत धरलंच नाही. कोणी म्हणतं तिसरी आली, यावर गल्लीत अजून वाद चालतो. हबीब म्हणतो पहिली, पण त्याला कोणी काय सांगितलं आणि त्यानं काय ऐकलं, देव जाणे.

लग्न आटोपून मी दुसऱ्या दिवशी परतले. रौशनचाची अंगणात माझीच वाट बघत बसली होती. नुजहत चुलीपाशी, बूट चाचीच्या पायाशी. सुनेच्या सांगण्यावर निकाल द्यायला ती तयार नव्हती. तिनं विचारलं, "शोभा, खरं सांगजो. हळदीच्या आधी टाका पडला का?"

मी म्हटलं, "आधी पडला, चाची. हळदीचा हात थांबून होता."

मग पदरातली सुई काढून दिली आणि पिशवीतला नंबर. चाचीनं सुई उजेडात धरून पाहिली, गादीत टोचली. नंबर मांडीवर घेऊन त्यावरची माती झटकली, सुरकुत्या हातानं काढल्या. बराच वेळ काढत होती. शेवटी बूट पायानं सुनेकडं सरकवले आणि म्हणाली, "पुढल्या टायमाले नंबर मी शिवीन. तुह्या धावदोऱ्याचा काई भरवसा नाई."

नुजहत चुलीकडं तोंड करून रडली आणि पोळी करपली. ती पोळी चाचीनंच खाल्ली, माझ्यादेखत.

तेव्हापासून दर वर्षी नंबर रौशनचाची शिवते. डोळ्यांना आता कमी दिसतं, सुईत दोरा कशफ ओवून देते. चाची गाठ मारते, वर आणखी एक गाठ मारते, आणि सुई गादीत परत टोचल्याशिवाय सुनेला उंबऱ्याबाहेर पाय टाकू देत नाही.