देवरावनं बंद केलेला वाल

देवरावचा आवाज अख्ख्या रुआबांधा वस्तीत ओळखू येते. सारी जिंदगी पोलादाच्या प्लँटच्या रोलिंग मिलमधी गेली. तिथं बाजूच्या मानसाले जय भीम घालाचा तरी बोंबलाच लागे. रिटायर झाला, मशीन मागं राहिली, बोंबलणं घरी आलं. तो जेवताना मीठ मागते, तं शेजारची आम्रपाली वाटी घेऊन येते.

रिटायर झाल्यावर त्यानं बोरसीच्या राऊताकडून गाय आणली, चंपी. तिकडं बालटी भरत होती, इकडं आली अन् अडून बसली. कास गच्च भरलेली, पण वासरू ढुसण्या मारून थके, देवराव धारा ओढून थके. दूध येई चहापुरतं.

"पान्हा सोड न वो!" असा तो कानाशी ओरडे, का टिनावरचे कबुतर उडत. चंपी थरथरे. त्याले वाटे, मस्ती करून राहिली.

बायकोनं, तारानं, निकाल देला. "इतवारच्या दिवशी राऊत येऊन राहिला. तोवर पान्हा सोडला नाई, तं गाय वापस."

देवरावचं तोंड उतरलं. मिल सुटल्यावर सकाळी उठाले त्याच्याजवळ दुसरं कारणच नोतं.

शनिवारी भाची प्रांजली आली. ढोराच्या डाक्टरीचं शिकते. दारात उभी राहून तिनं मामाचं दूध काढणं पाह्यलं.

"मामाजी, गाय तुमाले भेते."

"मले? कावून? म्या तिले बोट लावलं नाई!"

"बोट नाई, आवाज लावला न! भेली का रक्तात अ‍ॅड्रिनलिन सुटते. कासेच्या रक्तनळ्यायवर रिसेप्टर असतात. ते त्याले धरतात, अन् नळ्या आवळतात. पान्हा सोडाचा हुकूम मेंदूकडून रक्तातूनच येते. नळीच आवळली तं हुकूम पोचन कसा?"

देवरावनं मांडीवर थाप मारली. "म्हणजे पाइपलाइनीचा वाल म्याच बंद करून राहिलो!"

चंपीनं दचकून लाथ झाडली. बालटी कलंडली.

"हळू बोला," तारा म्हणे.

"हळूच तं बोलून राहिलो!"

हळू बोलणं त्याच्या गळ्यात नोतंच. पण मिलमधी बोंबही पोचत नसे, तवा तो क्रेनवाल्याले हातानं सांगे. ते हात शाबूत होते. त्याच संध्याकाळी त्यानं ताराले इशारे शिकवले.

इतवारी सकाळी गोठ्यात कोणी बोललं नाई. देवरावनं बोट खाली फिरवलं, तारानं वासरू सोडलं. पंजा आडवा हलवला, तिनं वासरू मागं ओढलं. त्यानं कास धुतली, चंपीले टेकून बसला. तिनं कान पाडले, रवंथ सुरू केला. अन् बालटीत धार वाजली. फेस चढत गेला.

देवरावनं खुशीत तोंड उघडलं. तारानं झटकन पंजा आडवा हलवला. तोंड मिटलं.

राऊत आला, लोटाभर दूध पेला अन् गाय न घेता खाली हातानं बोरसीले गेला.

तारा आता दोनी टाइमचा चहा गोठ्यातच घेते. देवराव गप राह्यते तो तिथंच.