अकराव्या दिवशी उतरलेलं बलून

एव्हारिस्त ग्वेनो यांनी आयुष्यात कधी जमीन सोडली नाही. फ्रान्समधल्या नॉन्त बंदराच्या जकात कचेरीत सव्वीस वर्षं त्यांनी साखरेची पोती वजन केली आणि संध्याकाळी कादंबऱ्या लिहिल्या, त्या मात्र सगळ्या हवेतल्या. पन्नाशी उलटल्यावर, १८६७ साली, एका दैनिकाने त्यांची पहिली कादंबरी पानाच्या तळाशी रोज थोडी थोडी छापायला घेतली. संपादक लोरिओ यांनी गावभर भिंतींवर रंगवलं: 'चाळीस दिवस हवेत! जमिनीला न टेकता वाळवंटापार!'

बलून कथेत वर गेलं त्याच आठवड्यात पेरीन माडेकने ग्वेनोंना धक्क्यावर गाठलं. शिडं शिवणाऱ्या कारखान्याची ती मुकादम. कादंबरीचा रोजचा हप्ता दैनिकातून कापून वहीला शिवून ठेवायची.

"मॉस्यो, तुमचं बलून पडणार. शेवटचे दोन हप्ते मी शिवलेच नाहीत."

"का हो, माडेकबाई?"

"रेशीम सुईनंच शिवलंत ना? मग टाक्यागणिक एक भोक. माझ्या शिडातून वारा गळतो, तुमचा वायू काय लाजून आत बसणार?"

"वरून रोगण दिलंय की."

"उन्हात तडकेल ते. चाळीस दिवस म्हणे! माझा नवरासुद्धा एवढा टिकला नाही."

तिच्यासोबतच्या शिडवाल्या बाया खिदळल्या. ग्वेनोंनी कोट काढला आणि सुई मागितली.

चार संध्याकाळी ते कारखान्यात बसले. कुट्टूच्या पिठाची धिरडी खात त्यांनी रेशमाची पिशवी शिवली, रोगण लावून शेगडीपाशी तापवली, गॅसच्या दिव्याच्या नळीतला वायू भरला. पिशवी आढ्याला लागली. दुसऱ्या दुपारी ती जमिनीवर होती. त्यावरून कथेतल्या मोठ्या बलूनचा हिशेब त्यांनी तीनदा केला. तिन्ही वेळा उत्तर आलं, अकरा दिवस.

"भिंतीवर चाळीस लिहिलंय!" अकराव्या दिवशी बलून उतरवणारा नवा हप्ता वाचून लोरिओ ओरडले.

"भिंत पुसता येते."

"मग तुमचं नावही पुसतो. हा हप्ता जागा रिकामी राहू नये म्हणून छापतो. पुढचा आणू नका."

ग्वेनोंनी टोपी घातली आणि ते पोती वजन करायला गेले. हप्त्यातली एक ओळही बदलली नाही. त्यात प्रवासी वाळूत उतरले होते, हातात सुया घेऊन.

तो हप्ता छापून आला, त्याच्या दुसऱ्या सकाळी ग्वेनोंच्या जागी दुसरीच कथा आली. दुपारपर्यंत शिडवाल्या बाया दैनिकाच्या दारात उभ्या होत्या. "शिवण झाली का नाही त्यांची?" बॉयलर बनवणाऱ्यांनी, दोरखंडवाल्यांनी पत्रं पाठवली. टाक्यांची भोकं बुजवायला खळ कशी शिजवावी, याची प्रत्येकाची रीत निराळी. तिसऱ्या दिवशी लोरिओ स्वतः जकात कचेरीत आले.

"किती दिवस लागतील त्यांना शिवायला?"

"माडेकबाईंना विचारावं लागेल."

दोघे कारखान्यात गेले. पेरीनने दोऱ्याला मेण लावता लावता विचार केला.

"दोन बाया असतील तर सहा."

"बलूनमध्ये बाया नाहीत," ग्वेनो म्हणाले.

"मग नऊ," पेरीन म्हणाली, आणि तिने वहीला न शिवलेले सुटे हप्ते शिवायला घेतले.