चूक ताईसाहेबांची, हात माझा

"सात नव्वे किती?" मास्तरांनी विचारलं.

"चोपन्न," ताईसाहेब म्हणाल्या.

छडी माझ्या हातावर बसली.

मला उत्तर येत होतं. त्रेसष्ट. पण मला कुणी विचारलंच नव्हतं. विचारायचं ताईसाहेबांना, मारायचं मला, अशी व्यवस्था होती. ताईसाहेब म्हणजे देवासच्या थोरल्या महाराजांच्या पातीतल्या एका सरदारांची लेक. वय तेरा. माझंही तेराच. माझी आई त्यांच्याकडं भांडी घासायची, आणि आम्ही मायलेकी पागेमागच्या खोलीत राहायचो. सरदारांच्या लेकीवर हात उगारायचा नाही, हा त्या घराचा रिवाज. माराशिवाय विद्या येत नाही, हा मास्तरांचा. दोन्ही पाळता यावेत म्हणून मला सोबतीण म्हणून नेमलं होतं.

मास्तर इंदूरहून शिकवण्याचं नवं शास्त्र शिकून आले होते. रोज एका वहीत लिहायचे, ताईसाहेब किती चुकल्या, मला किती छड्या बसल्या. सरदारांना ते समजावत होते तेव्हा मी दाराशीच होते. "सरकार, या वयात मनाला वळण लागतं ते परिणाम पाहून. जोडीतल्या एका बैलाला चाबूक बसला की दुसरा आपोआप पाय उचलतो." सरदारांनी मान डोलावली. आपल्यात लेकी बोले सुने लागे म्हणतात. मास्तरांनी त्याचंच शास्त्र केलं होतं, फक्त बोलाच्या जागी छडी होती.

ताईसाहेब शिकल्या. मास्तरांना हवं होतं ते नाही. चूक केली की आपल्याला काही होत नाही, हे शिकल्या. माझ्यावर रुसल्या की मुद्दाम चुकायच्या. चुकायच्या आधी एकदा माझ्याकडं बघायच्या. मास्तरांच्या वहीत त्या बघण्याला रकाना नव्हता.

मीही शिकले. सहा महिन्यांत माझा हात शिकला. चूक कानावर पडली की तो आपला आपण पुढं यायचा, तळवा वर करून. मास्तर खूश. "सवय लागली," म्हणाले.

एके दिवशी सकाळी आईच्या हातून भाकरी करपली. "चुकलंच माझं," ती स्वतःशी म्हणाली. माझा हात तिच्यासमोर गेला.

आई बघत राहिली. "छोरी, हात पुढं का काढलास गं?"

मी काढलाच नव्हता. तिनं तळव्यावरचे वळ पाहिले, चुलीवरची भाकरी तशीच जळू दिली आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसली.

हाताचं एक वेळ सोडा. आत जे झालं होतं ते वाईट होतं. ताईसाहेब चुकल्या की लाज मला वाटायची. खरंच वाटायची. आपल्यातच काही खोट असेल, नाहीतर रोज मार कशाला बसेल, असं मी मानायला लागले होते. मार मास्तरांनी दिला. पण हे मानणं माझं मी करत होते, आणि त्याची चीड मला आजही येते.

मग धारहून पाहुणे आले, ताईसाहेबांना बघायला. मुलगी शिकते आहे हे दाखवायचं म्हणून मास्तरांना बोलावलं. त्यांनी माझ्यासकट सगळं शास्त्र मांडलं. सकाळीच ताईसाहेबांनी माझ्याकडून वेणी घालून घेतली होती आणि ती सैल झाली म्हणून त्या फुगल्या होत्या.

"सात नव्वे किती?"

ताईसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. "चोपन्न."

पाहुण्यांत कुणीतरी हसलं. मास्तरांनी छडी उचलली. माझा हात निघाला. तो जाताना मला दिसला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि ओढून मांडीवर दाबून ठेवलं.

"हात," मास्तर म्हणाले.

"सात नव्वे त्रेसष्ट," मी म्हणाले. "चूक ताईसाहेबांची आहे. छडी तिकडं द्या."

सरदारांनी आईला बोलावून घेतलं. ती राखेच्या हातांनीच आली. सरदार म्हणाले, "पोरीला माफी मागायला लाव. नाहीतर आजच खोली खाली कर." मी आईकडं बघितलं नाही. तिनं हो म्हटलं असतं तर मी हात पुढं केला असता. तेवढंच भय होतं मला, छडीचं नव्हतं.

आई म्हणाली, "सरकार, मला पाढे येत नाहीत. हिनं सांगितलं ते बरोबर है का चूक, तेवढं मास्तरांनी सांगावं."

मास्तर छडीकडं बघत राहिले. तोंडातून त्रेसष्ट काही निघेना.

देवास दोन महाराजांचं गाव, एकेकाची एक पाती. रस्ता ओलांडला की धाकटी पाती, तिथं या सरदारांचा हुकूम चालत नाही. संध्याकाळच्या आत आम्ही दोन बोचकी घेऊन रस्ता ओलांडला. आईला एका घरी धुणं मिळालं, मला मुलींच्या शाळेत जागा. पहिल्याच दिवशी शेजारची मुलगी कविता चुकली आणि माझा हात पुढं गेला. बाई जवळ आल्या. "हात खाली घे. तू चुकलेली नाहीस." दुसऱ्या दिवशी तेच. महिनाभर तेच. बाई थकल्या नाहीत. हात मात्र पुरता कधीच सुधारला नाही.

त्याच शाळेत आता मी शिकवते. गेल्या आठवड्यात रस्त्यापलीकडून कारभारी आला. ताईसाहेबांची लेक आजोळी शिकायला आली आहे, शिकवायला मी यावं, आणि सोबतीण म्हणून माझ्याच वर्गातली एक गरीब मुलगी बरोबर आणावी. खुद्द ताईसाहेबांचा निरोप होता.

"बाई, मानाचं काम है," कारभारी म्हणाला. "नाही म्हणणं चूक होईल."

चूक हा शब्द ऐकला आणि पदराखाली माझा उजवा हात हलला. इतक्या वर्षांनी. मी त्याची मूठ वळली.

"तुमच्या ताईसाहेबांना सांगा," मी म्हणाले, "लेकीला इथं पाठवा. खाली सतरंजीवर बसेल, सगळ्यांच्या ओळीत. चुकली तर तिची चूक तीच सुधारेल. सोबतीण माझ्या वर्गातून जाणार नाही. एकही नाही."

तो गेला. मी मूठ सोडली नाही.