उपटून बघणारा माळी

वाचनालयाच्या माळ्याला सगळे भिंगरी म्हणत. बसला तरी एक पाय हलता. जेवतानासुद्धा दोनदा उठून खिडकीतून डोकावून यायचा. आणि नेमकं अशा माणसाच्या वाट्याला आलं सेडम. जाड, इवल्या पानांचं, जमिनीला चिकटून सतरंजीसारखं पसरणारं रोप ते. त्याला पाणी कमी, खत कमी, आणि लुडबुड तर मुळीच खपत नाही.

पायऱ्यांशेजारची उतरण खडकाळ होती, गवत लावलं की करपायचं. ग्रंथपालबाईंनी निक्षून सांगितलं, "तीन महिन्यांत हिरवी झाली नाही, तर फरशी घालणार." एवढीच काय ती बाग. तीच गेली तर माळी कशाला? वीस वर्षांची नोकरी त्या उतरणीवर येऊन टेकली.

भिंगरीनं मातीत बारीक खडी मिसळली, सेडमचे तुकडे वीतवीतभर अंतरावर खोचले. काम चोख. पण दुसऱ्या दिवसापासून हात शिवशिवायला लागले. मूळ धरलं का, म्हणून एकेक तुकडा हळूच उपटून बघायचा आणि परत खोचायचा. रोज. महिना गेला, एकाही तुकड्यानं मूळ धरलं नाही, वाळला मात्र एकही नाही.

बायको डबा घेऊन आली ती बघतच राहिली. "हे काय चाललंय?"

"तपासतोय."

"पोरगी तान्ही होती तेव्हा तिलाही रोज तागडीत घालायचात. ती रडायची तरी. हे मुकं बिचारं."

"अगं, चैन पडत नाही मला."

"मग जा लेकीकडे. साठलेली रजा काढा. आठवड्याला पाणी मी शिंपडेन."

गेला बापडा. तिथं महिन्याभरात त्यानं लेकीचं कपाट तीनदा सरकवलं, जावयाची चांगली चालणारी सायकल खोलून ठेवली. जावई म्हणाला, "मामा, ही आता जोडणार कोण?" यावर मामा फोनकडे पळाले.

"फुटलं का गं?"

"मी पाणी घालते. उकरून बघत नाही," बायको म्हणायची, आणि फोन ठेवायची.

परतल्यावर घरीसुद्धा न जाता तो थेट वाचनालयात आला. उतरणीवर जागोजागी हिरवी ठिगळं धरली होती, शेजारची ठिगळं एकमेकांना भिडत होती. खालच्या कडेला खडी अजून उघडी होती. भिंगरीनं दोन्ही हात खिशात कोंबले.

ग्रंथपालबाई पायरीवर उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. "भरेल उरलेलं," त्या म्हणाल्या. "फरशीवाल्याला नको म्हणून कळवते."

"बरं," भिंगरी म्हणाला, आणि तसाच मागच्या उजाड अंगणाकडे निघाला. तिथं काय करायचं, ते त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.