भावाची तंबाखू अन् माहे पोहे

माह्या मोठ्या भावानं माह्याशी बोलनं सोडलं, त्याले कारन मीच. त्याच्या पोरीच्या लग्नात सोयऱ्यायच्या पंगतीत मी म्हनलो, "वरन जपून वाढा बाप्पा, पातळ हाय, कोनी बुडन." सोयरे हासले. तवापासून भाऊ माह्याकडं पाहत नाही. दोघायच्या घराच्या बीचमंदी एकच भित, तरी मले काही सांगाचं असलं तं तो त्याच्या कुत्र्याले सांगते.

यंदा सोयाबीन सोंगून वावरात गंजी लावली अन् आभाय भरून आलं. थ्रेशर न्याचं तं वाट भावाच्याच वावरातून. थ्रेशरवाला म्हने, "तुहा भाऊ हो म्हनन तवाच चाक टाकतो. मले काठ्या खाच्या नाहीत."

मंग मले आठोलं. पोहरादेवीच्या जत्रेतून मी भावासाठी चिलमीची तंबाखू आनली होती, त्याच्या आवडीची. द्याची हिंमत झाली नाही. पुडी उन्हाळाभर टिनाखाली पडली. काढून पाह्यली तं अशी कडक, का चिमटीत धरली की भुगा.

मले भिजवनं एकच येते, पोह्याचं. अर्धी तंबाखू चायनीत घेतली अन् वरून लोटाभर पानी. खालून काळंकुट्ट गेलं.

बायको म्हने, "सारा कस मोरीत गेला. आता मोरीलेच चिलीम भरून द्या."

उरलेला चोथा वाळवाले तव्यावर टाकला. धूर असा उठला, का बायको पदर तोंडाले लावून पयाली, मी चुलीम्होरं आंधळा, अन् भितीपल्याड भाऊ खोकलून राह्यला.

"ए कुत्र्या!" तो वरडला. "त्या बैताडाले इचार, मिरच्या जाळून राह्यला का मुडदा?"

"तुहीच तंबाखू व्हय, भाऊ. जत्रेतली."

भितीवरून त्याचं मुंडकं वर आलं. "कुत्र्या, त्याले इचार, उरली का?"

कोरडी अर्धी म्या भितीवर ठेवली. त्यानं माह्या बोटाले बोट न लागू देता उचलली. फडकं ओलं करून घट्ट पिळलं, पुडी त्यात गुंडाळली अन् माठाच्या बुडाशी ठेवली. कुत्र्याले म्हने, "तंबाखू पानी पेत नाही, नुसती ओल घेते. गाढवाले काय समजते!"

सकायी थ्रेशरवाला भावाले वाट इचाराले थ्रेशर घेऊन त्याच्या वावरापाशी आला. भाऊ धुऱ्यावर बसून चिलीम ओढून राह्यला होता. तंबाखू मऊ झालती, वासावरूनच समजलं. त्यानं चिलीम थ्रेशरवाल्याले देल्ली. थ्रेशरवाल्यानं दोन झुरके ओढून माह्याकडं केली. मी हात पुढं केला. भावानं मधातूनच चिलीम वापस घेतली. माहा हात तसाच, भिकाऱ्यावानी.

"कडंकडंनं ने," तो थ्रेशरवाल्याले म्हने. "अन् ह्याले सांग, मांगून चाल. तोंड उघडलं तं थ्रेशर वापस."

भाऊ म्होरं चालला, धोतर वर धरून, ढेकलायतून बदकावानी. असा जोक जिभेवर आला म्हनता! आभायाकडं पाह्यलं अन् गिळला.

सोयाबीन पोत्यात पडेस्तोर तोंड उघडलं नाही. तो जोक अजून पोटात दुखते.